किल्ली कुणाकडे, कागद कुठला?

ताई, सप्रेम नमस्कार. माझे यजमान ३८ वर्षांचे आहेत. त्यांना बायपोलरचा, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य असा आजार आहे, निदान होऊन नऊ वर्षं झाली. सकाळ-संध्याकाळ लिथियम आणि रात्री क्वेटियापिन चालू आहे. आमचा स्वतःचा टेम्पो आहे. द्राक्षाच्या हंगामात ते माल भरून रात्री वाशी मार्केटला जातात, एरवी तालुक्यातलीच भाडी मारतात. गेल्या दोन वर्षांत दोनदा ॲडमिट करावं लागलं. आजार उलटला की टेम्पो महिनोन्‌महिने दारात उभा. डॉक्टरांनी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढायला सांगितलं. पण लायसन्सचं काम करणारे एजंट म्हणतात, ते कार्ड निघालं की आरटीओ लायसन्स रद्द करतं. आणि एका कार्यालयात चौकशीला गेले तर तिथले गृहस्थ हसून म्हणाले, "टेम्पो चालवणारा माणूस दिव्यांग कसा हो?" सासूबाईंना वाटतं, कागदावर एकदा शिक्का बसला की मुलीच्या लग्नापर्यंत तो पुसला जाणार नाही. यांच्या लायसन्सची मुदत येत्या दिवाळीत संपतेय. आम्ही कुठे काय सांगायचं आणि काय लपवायचं?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : लपवायचं काहीच नाही. कार्डासाठी तपासणी करणाऱ्या सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डापुढे आणि आरटीओत एकच खरी हकीकत सांगायची. हे सांगायला सोपं आणि करायला अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करताना तुमच्यासारख्या कितीतरी जणींना मी बोर्डाच्या दाराबाहेर घाबरून बसलेलं पाहिलंय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्या गृहस्थांच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तो प्रश्न तुमच्या मनाला लागलाय. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि मानसिक आजार त्यातला एक आहे. त्याची टक्केवारी मोजायला 'आयडियाज' नावाची मोजपट्टी वापरतात. भारतातल्याच मनोविकारतज्ज्ञांनी ती तयार केली. तिच्यात चार गोष्टी पाहतात : स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकीला ० ते ४ गुण. आजार किती वर्षांचा आहे त्याचे वेगळे गुण मिळवतात. एकूण २० पैकी जो आकडा येईल त्यावरून टक्के ठरतात. 'गाडी चालवता येते का' असा रकानाच त्या मोजपट्टीत नाही. तुमच्या यजमानांचा हात स्टिअरिंगवर पक्का आहे, चांगली गोष्ट आहे. पण ॲडमिट होण्याआधी आठवडाभर आंघोळ कोण घालत होतं? उन्मादात असताना कुणाकुणाशी भांडणं झाली? भाड्याचे पैसे कोण मोजून घेतं, व्यापाऱ्याशी दर कोण ठरवतं? वर्षात किती महिने काम झालं आणि किती महिने गाडी दारात होती? मोजायचं आहे ते हे. तीन महिने उत्तम चालवणारा आणि पुढचे चार महिने अंथरुणातून न उठणारा माणूस दिव्यांग असू शकतो, त्यात हसण्यासारखं काही नाही.

आता बोर्डाच्या दिवसाबद्दल. आपल्याकडे घरची मंडळी माणसाला इस्त्रीचे कपडे घालून आणतात आणि वाटेत पढवतात, "साहेबांनी विचारलं तर सगळं बरं आहे म्हण." पेशंटही स्वाभिमानापोटी तेच म्हणतो. मग डॉक्टरांपुढे वीस मिनिटांचा एक ठणठणीत माणूस बसलेला असतो आणि दोन वर्षांची ओढाताण बाहेर बाकावर तुमच्या पिशवीत राहते. म्हणून ती पिशवी नीट भरा. दोन्ही वेळची डिस्चार्ज कार्डं, दोन वर्षांतल्या ओपीडीच्या चिठ्ठ्या, लिथियमच्या रक्ततपासण्या. आणि एका वहीत महिनावार दोन-दोन ओळी : या महिन्यात गाडी चालवली, या महिन्यात झोप नव्हती, या महिन्यात बोललेच नाहीत. गोळ्या आठवणीने कोण देतं, तेही लिहा. बोर्ड घरच्या माणसाला विचारतं, तेव्हा तुम्ही आत जा आणि टेम्पोचंही सांगा. "चालवतात, पण डॉक्टर सांगतील तेव्हा थांबतात," हे वाक्य खरं असेल तर जसंच्या तसं बोला. टेम्पो लपवून मिळवलेले टक्के पुढच्या तपासणीत तुमच्याच अंगावर येतील. मानसिक आजाराचं प्रमाणपत्र बऱ्याचदा ठरावीक मुदतीचंच मिळतं आणि मुदत संपली की पुन्हा बोर्डापुढे जावं लागतं.

अर्ज 'स्वावलंबन' पोर्टलवर करायचा, तपासणी जिल्ह्याच्या सिव्हिलला. २०२४ च्या ऑक्टोबरपासून कार्डाचे रंग ठरलेत : ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, त्यापुढे निळं. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात.

एजंटचं म्हणणं मात्र खोटं आहे. दिव्यांग प्रमाणपत्र निघालं की परवाना आपोआप रद्द होतो, असं मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये कुठेही लिहिलेलं नाही. त्यात आहे ते असं : एखाद्या आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे माणूस वाहन चालवायला अयोग्य आहे असं मानायला सबळ कारण असेल, तर परवाना अधिकारी कलम १६ खाली परवाना रद्द करू शकतो. तसं केलं तर कारणं लेखी द्यावी लागतात, आणि ३० दिवसांत अपील करता येतं, हे कलम १७ मध्ये आहे. म्हणजे प्रश्न आजाराच्या नावाचा नाही. त्या आजारामुळे रस्त्यावर धोका आहे का, एवढाच आहे.

लायसन्सचे फॉर्मही तेच विचारतात. नमुना १ मध्ये अर्जदाराने स्वतः जाहीर करायचं असतं. त्यात फिट्स, चक्कर, नजर, ऐकणं, रंगांधळेपणा हे सगळं येतं आणि शेवटी विचारलेलं असतं, तुमच्या वाहन चालवण्यामुळे लोकांना धोका होईल असा दुसरा काही आजार आहे का. वाहतुकीच्या गाड्यांसाठी, आणि साध्या परवान्यालाही चाळिशीनंतर, नमुना १-अ म्हणजे डॉक्टरांचा दाखला लागतो. त्यात डॉक्टरांना विचारतात की फिट्स, भोवळ किंवा चालवण्याच्या क्षमतेवर परिणाम करील असा मानसिक आजार आहे का. 'परिणाम करील असा' हे शब्द तुमच्या कामाचे आहेत. हा दाखला आरटीओच्या दाराशी न तपासता सही मारून देणारे भेटतात. कृपा करून तिकडे जाऊ नका. ज्या डॉक्टरांनी यजमानांना उन्मादातही पाहिलंय आणि बरं असतानाही पाहिलंय, त्यांच्याकडून आधी लेखी मत घ्या : आजार काय, किती महिन्यांपासून स्थिर, औषधांनी गुंगी येते का, आणि चालवायला योग्य आहेत की नाहीत. ते मत घेऊन दाखला देणाऱ्या डॉक्टरांकडे जा. उद्या देव न करो पण अपघात झाला, तर हा प्रामाणिक कागद तुमच्या बाजूने उभा राहील. कलम १८६ प्रमाणे, आपल्या आजाराने धोका आहे हे माहीत असून वाहन चालवणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा दंड १,००० रुपयांपर्यंत. रक्कम लहान आहे, पण रस्त्यावर समोरून येणाऱ्याचंही घर असतं.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत पण मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं, ते सांगते. तुमच्या पत्रातला खरा धोका लायसन्समध्ये नाही, वाशीच्या रात्रीत आहे. बायपोलरच्या माणसाची झोप मोडली की उन्माद जागा होतो, हे मनोविकारशास्त्रातलं अगदी जुनं आणि पक्कं निरीक्षण आहे. हंगामात संध्याकाळी माल भरायचा, रात्रभर घाट उतरायचा, पहाटे मार्केटात गाडी खाली करायची आणि दुपारी परत फिरायचं. असं लागोपाठ चाललं तर निरोगी माणूसही थकतो. त्यात क्वेटियापिन. रात्री गाडी न्यायची म्हणून गोळी चुकवली तर झोप आणि मन दोन्ही बिघडतं, आणि गोळी घेऊन निघालं तर चाकावर डोळा लागतो. दोन्ही वाटा वाईटच. तुमच्या दोन ॲडमिशनचे महिने वहीत लिहून पाहा. ते हंगामाच्या आसपासचे निघाले, तर डॉक्टरांशी बोलताना हीच गोष्ट सगळ्यात आधी काढा. माझं स्पष्ट मत आहे की वाशीची रात्रीची खेप यजमानांनी सोडावी. तिथे दुसरा चालक ठेवा, नफा कमी होईल. तालुक्यातली दिवसाची भाडी डॉक्टर हो म्हणतील तोवर त्यांची.

लिथियमचंही एक आहे. मार्च-एप्रिलच्या उन्हात घाम जातो, पाणी कमी पडतं आणि लिथियमची रक्तातली पातळी चढते. जुलाब-उलट्या झाल्या तरी तेच. कंबर धरली म्हणून दुकानातून आणलेली आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळीही ती पातळी वाढवते. हात जास्तच कापायला लागले, चालताना तोल जायला लागला, धूसर दिसायला लागलं, बोलणं जड झालं, तर त्या क्षणी गाडी बाजूला आणि तडक दवाखाना. सर्दीच्या साध्या गोळ्यांनीही आधीची गुंगी वाढते, त्यामुळे मेडिकलवाल्याला चालू औषधांची चिठ्ठी दाखवल्याशिवाय काही घेऊ नका.

आणि किल्ली. यजमान बरे असताना, त्यांच्यासमोर बसून, त्यांच्याच तोंडून ठरवून घ्या : लागोपाठ दोन रात्री झोप उडाली, बोलण्याचा वेग वाढला, खर्च सुटला, की किल्ली कुणाकडे द्यायची. तुम्ही बायको आहात, किल्ली मागितली की भांडण तुमच्यावर येईल. त्यापेक्षा त्यांचा धाकटा भाऊ किंवा ज्यांचं ते ऐकतात असा मित्र बरा. यात मोटारसायकलही धरा. टेम्पोची किल्ली काढून घेतात आणि 'रानात जाऊन येऊ दे' म्हणून दुचाकी हातात देतात, असं बऱ्याच घरी होतं. उन्मादातल्या माणसाला दुचाकी टेम्पोइतकीच धोक्याची आहे, आणि तिच्यावर तर त्याच्याभोवती पत्राही नसतो.

मिळेल काय, याबद्दल खोटी आशा दाखवत नाही. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २,५०० रुपये ठरलेत. अर्ज तहसीलला. पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत हवं, आणि तुमचा टेम्पो हंगामात धावत असेल तर तिथे अडचण येईल. लक्षात घ्या, ती अडचण उत्पन्नाची आहे, गाडी चालवण्याची नाही. एसटीत ४० टक्क्यांपुढच्या दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, दर महिन्याला औषधाला जाणाऱ्याला ती खरोखर जाणवते. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसेवकांना लेखी अर्ज देऊन विचारा, तोंडी विचारलं तर तोंडीच उत्तर मिळतं. 'निरामय' विमा मात्र मानसिक आजाराला लागू नाही. तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. त्याच्या नावाने कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ म्हणतो की मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून माणूस वेडा ठरत नाही, तसं सक्षम न्यायालयाने ठरवावं लागतं. उपचाराची माहिती गुप्त ठेवणं हा रुग्णाचा हक्क आहे. कार्ड घरातल्या कपाटात राहील. ते कुठे दाखवायचं हे यजमान ठरवतील.

ताई, मी पतीच्या कामाच्या व्हिसावर इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. बाळंतपणानंतर मला सायकोसिस (भास-भ्रमांचा आजार) झाला, पाच आठवडे हॉस्पिटलात होते. आता घरी आहे, गोळ्या चालू आहेत. इथे गाडीशिवाय बाळाला घेऊन बाहेर पडणं कठीण आहे, पण रस्त्यावर एकटीने जायचं म्हटलं की छाती धडधडते. इथल्या एका ओळखीच्या बाई म्हणाल्या, "पिप नावाचे पैसे मिळतात, अर्ज कर, फक्त गाडी चालवतेस हे बोलू नकोस आणि डीव्हीएलएला, म्हणजे इथल्या लायसन्सच्या खात्याला, काही कळवू नकोस." हे बरोबर आहे का?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : बाई मायेने बोलल्या असतील, पण त्यांचा सल्ला तुम्हाला दोन्हीकडून अडचणीत आणेल.

आधी व्हिसा. कामाच्या व्हिसावर आलेल्यांच्या आणि त्यांच्या जोडीदाराच्या परवानगीवर साधारणपणे सार्वजनिक निधी घेता येणार नाही अशी अट असते. पिप, म्हणजे पर्सनल इंडिपेन्डन्स पेमेंट हा तिथला आजारी-दिव्यांगांचा सरकारी भत्ता, त्या निधीत मोडतं. अट असताना अर्ज केलात तर पुढच्या व्हिसाला त्रास होऊ शकतो. तुमच्या ई-व्हिसावर अट काय लिहिली आहे ते आजच पाहा आणि सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेकडे दाखवा. कायम वास्तव्याची परवानगी मिळाल्यावर हा प्रश्न नव्याने उघडेल. एनएचएसचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, उपचार त्या यादीत येत नाहीत, त्यामुळे मानसोपचाराच्या टीमकडे जायला मुळीच कचरू नका.

डीव्हीएलएला मात्र कळवावंच लागतं. सायकोसिस झाला असेल तर तिथे ते बंधनकारक आहे, न कळवल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आजार कळवणं म्हणजे पैसे मागणं नव्हे, त्यामुळे व्हिसाच्या त्या अटीशी त्याचा संबंध नाही. तीव्र सायकोसिसमध्ये चालवायचं नाही. साधारण तीन महिने तब्येत स्थिर राहिली, औषधं नीट चालू असली, त्यांनी गुंगी येत नसली आणि तज्ज्ञांचा अहवाल अनुकूल असला की परवाना पुन्हा विचारात घेतात. तोवर गाडीला हात लावू नका. मागच्या सीटवर बाळ आहे.

पुढे कधी पिपचा अर्ज करायची वेळ आलीच, तर गाडी चालवता हे सांगायचंच. तिथे प्रवासाचं नियोजन करणं आणि तो पार पाडणं याला गुण असतात, आणि मानसिक त्रासामुळे प्रवास न जमणंही त्यात धरतात. २०१७ मध्ये सरकारने नियम बदलून मानसिक त्रासाचे गुण कापले होते, तो बदल त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला. तपासणारा माणूस म्हणेल, "गाडी चालवता, म्हणजे प्रवास जमतो." तेव्हा तपशील द्या : फक्त घर ते जीपी (फॅमिली डॉक्टर), तेही ओळखीच्या रस्त्याने, शेजारी नवरा बसलेला असताना, आणि घरी आल्यावर दोन तास पडून राहावं लागतं. सुरक्षितपणे, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात जमतं का, हे त्या नियमांत पाहावंच लागतं.

महोदया, मी नागपूरला बँकेत आहे. दीर्घकाळच्या नैराश्यासाठी मला ४५ टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळालंय. कार घेताना त्यावर सवलत मिळेल का? आणि आयकरात?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : कारवर नाही. ती सवलत २०२५ पर्यंत होती, तेव्हाही तिच्यासाठी केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाचं प्रमाणपत्र लागायचं आणि ते ४० टक्के किंवा अधिक अस्थिव्यंग असणाऱ्यांनाच मिळायचं. टोलमाफीही दिव्यांगांसाठी खास बनवलेल्या वाहनांना आहे. शोरूमवाले काहीही म्हणोत, बुकिंगचे पैसे त्या भरवशावर देऊ नका.

आयकरात मात्र हो. ८०-यू म्हणून ओळखली जाणारी ७५,००० रुपयांची वजावट तुम्हाला लागू होते, ८० टक्क्यांपुढे ती १,२५,००० होते. पण ती जुन्या करप्रणालीतच आहे. नवी प्रणाली निवडली असेल तर मिळणार नाही, म्हणून दोन्हीकडचा हिशेब मांडून पाहा. प्रमाणपत्र मुदतीचं असेल तर ज्या आर्थिक वर्षात मुदत संपते त्याच्या आधीच नव्या तपासणीचा अर्ज टाका. २०२४ च्या नव्या दिव्यांग नियमांत प्रमाणपत्र द्यायला तीन महिन्यांपर्यंत वेळ दिलेला आहे, त्या हिशेबाने निघा.